वाडीवर वीज: लाइन ओढून घ्यावी की घरचं सोलर बसवावं?

मुख्य गावात लाइट आहे, पण सड्यापलीकडच्या वाडीत किंवा कलमांच्या बागेत नव्याने बांधलेल्या घरात ती नाही, अशी परिस्थिती रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजही काहींच्या वाट्याला येते. शेवटचा खांब किलोमीटरभर अलीकडे थांबलेला असतो. मग दोन वाटा उरतात. महावितरणकडे अर्ज करून लाइन ओढून घ्यायची, नाहीतर पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर लावून मोकळं व्हायचं. दोन्हींची जुजबी माहिती तुम्हाला असणार असं धरून चालतो. मी स्वतः लाइनच्या बाजूने निर्णय घेतलेला आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करता येईल.

वाड्या मागे राहण्याचं एक कारण कागदावरचं आहे. २००४ पासूनच्या व्याख्येप्रमाणे गावातली १० टक्के घरं जोडली गेली आणि शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी वीज पोचली, की गावाचं विद्युतीकरण झालं असं धरतात. देशावर गाव एका जागी वसलेलं असतं, तिथे उरलेल्या घरांपर्यंत तार न्यायला फारसा त्रास पडत नाही. कोकणात एका गावाच्या आठ-दहा वाड्या असतात, मध्ये पऱ्या, चढ आणि दुसऱ्याची बाग असते, आणि धनगरवाडा तर पार डोंगरावर. गाव कधीच यादीतून बाहेर पडलेलं असतं, वाडी मात्र अंधारात. सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली तेव्हा कुठे गावाऐवजी घर मोजलं जाऊ लागलं. फार दुर्गम घरांसाठी त्याच योजनेत सोलर संच होता: २०० ते ३०० वॉटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. अंधारातल्या घराला हे निश्चितच मोठं होतं. पण सहाव्या वर्षी काय, या प्रश्नाचं उत्तर त्या संचात नव्हतं.

सोलर की लाइन हा प्रश्न माझ्यापुरता सुटला तो बॅटरीमुळे. पॅनलबद्दल माझी तक्रार नाही. खाऱ्या वाऱ्यातही ते टिकतात, फक्त स्ट्रक्चर चांगलं गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेसचे हवेत. कौलांवर बसवू नका, कौलं फुटतात आणि गळती लागते. खळ्यात किंवा गडग्यालगत जमिनीवर, दक्षिणेकडे तोंड करून १७-१८ अंशांच्या उतारावर लावा. नारळाखाली तर अजिबात नको. पावसाळ्यात खालच्या कडेला शेवाळाची पट्टी धरते, ती पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने पुसायची. एवढं केलं की पॅनलचं काम भागतं.

बॅटरीचं तसं नाही. साधा हिशेब मांडू. चार एलईडी, दोन पंखे रात्रभर, टीव्ही चार तास, लहान फ्रीज, वाटणापुरता मिक्सर आणि मोबाइल एवढ्याला दिवसाला अडीच युनिटच्या आसपास लागतात. पंखे बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) घेतले तर हाच आकडा पावणेदोनवर येतो, आणि सोलर घेणाऱ्याने ते घ्यावेतच. आता बॅटरी. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर (लेड-ॲसिडची एक जात) बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण टिकवायची असेल तर निम्म्याच वापराव्या लागतात. म्हणजे दोन बॅटऱ्यांवर हाताशी १.८ युनिट. वैशाखात १ किलोवॉट पॅनल दिवसाला चार-साडेचार युनिट देतं, तेव्हा सगळं मजेत चालतं आणि बसवून देणारा हेच आकडे दाखवतो. आषाढाच्या झडीत तेच पॅनल एक युनिटवर येतं. काळोख करून पाऊस लागला तर त्याहूनही खाली. खर्च पावणेदोन, आवक एक, शिवाय बॅटरीत घातलेली सगळी वीज परत मिळत नाही. दोन दिवसांत बॅटरी तळाला जाते.

एक-दोन रात्री अंधारात काढायला कोकणातला माणूस घाबरत नाही. खरं नुकसान बॅटरीच्या आत होतं. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कण धरतात. ते ताजे असताना पूर्ण चार्ज मिळाला तर विरघळतात. आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की कडक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत बॅटरी क्वचितच पूर्ण भरते, म्हणजे दर पावसाळ्यात ती थोडी थोडी मरते. गणपती येतात ते नेमके याच हंगामाच्या शेवटी. मुंबईचे चाकरमानी आलेले, घरातल्या सगळ्या खोल्या उघडलेल्या, मखराची रोषणाई, मोदकांच्या खोबऱ्यासाठी मिक्सर, रात्री भजन. वर्षातला सगळ्यात जास्त लोड आणि वर्षातली सगळ्यात अशक्त बॅटरी एकाच आठवड्यात समोरासमोर येतात, आणि संध्याकाळच्या आरतीलाच इन्व्हर्टर लो-बॅटरीची शिटी मारायला लागतो.

तरीही बॅटरी सांभाळायची असेल तर हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) घरात ठेवा. ट्यूब्युलरचा प्रत्येक सेल पूर्ण चार्जला १.२४०-१.२५० दाखवायला हवा. पाच सेल ठीक आणि एक १.१८० वर अडलेला असेल तर तो सेल बाकीच्यांनाही ओढून नेणार. पाणी डिस्टिल्डच घालायचं. पागोळीचं पाणी चालतं असं सांगणारे भेटतात, पण कौलावरची धूळ आणि हवेतलं मीठ त्यात उतरलेलं असतं, ते घालू नका. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी धरली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तारेच्या ब्रशने घासा, मात्र ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून वर पेट्रोलियम जेली लावा. आणि महिन्यातून एकदा बॅटरीला इक्वलायझेशन चार्ज द्या, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेजवर काही तास.

घोडं अडतं ते याच शेवटच्या सूचनेवर. ऊन नसताना हा चार्ज आणायचा कुठून? जनरेटर तरी लागतो, नाहीतर लाइन. म्हणजे नुसत्या सोलरवरची बॅटरी आपल्या पावसाळ्यात जगवायची तर दुसरा स्रोत हवाच. हे लक्षात आलं तेव्हा माझं मन लाइनकडे झुकलं ते झुकलंच.

लिथियम घेतली तर, असं कुणी विचारेल. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीला अर्धवट चार्जचा त्रास नाही आणि ८०-९० टक्के वीज वापरता येते, हे खरंच मोठं आहे. पण तिने बॅटरी वाचते, युनिट वाढत नाहीत. श्रावणातली आवक भरून काढायला पॅनलच अडीच-तीन किलोवॉट लागतं, जे उरलेले आठ महिने गरजेपेक्षा जास्त वीज देत बसतं. शिवाय आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, दमट हवेत बिघडलं तर तालुक्याच्या गावात त्याला हात लावणारा मेकॅनिक सहसा मिळत नाही. पेटी पुण्याला किंवा कोल्हापूरला जाते, आणि परत येईपर्यंत घरात काही नाही.

अनुदानाबद्दल एक गैरसमज आहे तो इथेच काढतो. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये मिळतात, पण ते लाइनला जोडलेल्या छतावरच्या संचाला. जिथे लाइनच नाही तिथे हे अनुदान लागू होत नाही. आणि तो साधा ऑन-ग्रिड संच लाइट गेली की स्वतःही बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो.

आता लाइन. तिच्यात त्रास नाहीत असं कुणी म्हणणार नाही, पण ते बहुतेक आधी ओळखता येतात आणि सर्व्हेच्या वेळीच निम्मे टाळता येतात.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कुठे बसते हा. खर्च वाचवायला गावातल्या जुन्या डीपीवरूनच वाडीपर्यंत लघुदाबाची (घरगुती व्होल्टेजची) तार ओढायची सूचना हमखास पुढे येते. ती मान्य करण्याआधी हिशेब करा. स्क्विरल जातीच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १.३९ ओहम. वाडी ८०० मीटरवर असेल तर जाण्या-येण्याची तार १.६ किलोमीटर, म्हणजे २.२ ओहम. वाडीने १० अँपिअर ओढले की २२ व्होल्ट वाटेतच पडतात आणि शेवटच्या घरी २०८ उरतात. नियमाने २३० व्होल्टच्या ६ टक्के खालपर्यंत, म्हणजे २१६ पर्यंतच उतार चालतो. २० अँपिअरला १८६ होतात. मग विहिरीवरचा पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही, आणि थोड्या वेळात त्याचं वाइंडिंग जळतं. म्हणून ११ केव्हीची लाइन वाडीपर्यंत आणि २५ केव्हीएची का होईना, पण डीपी वाडीतच, एवढा एक आग्रह सोडू नका. २५ केव्हीएच्या डीपीला ११ केव्हीच्या बाजूने पूर्ण लोडवर जेमतेम १.३ अँपिअर लागतात. तीच वीज ४३३ व्होल्टवर न्यायची तर ३३ अँपिअर, आणि तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो.

हा धडा बाहेरच्या देशांनीही मोठी किंमत देऊन घेतला आहे. व्हिएतनाममध्ये १९९३ च्या सुमारास ग्रामीण घरांपैकी १४ टक्क्यांकडेच वीज होती, २००९ पर्यंत ती जवळपास सगळ्यांकडे पोचली. तिथे वरच्या दाबाची लाइन सरकारी कंपनीने नेली आणि पुष्कळ ठिकाणी गावातलं लघुदाबाचं जाळं लोकांनी मिळेल त्या तारेने उभारलं. वीज लवकर पोचली, पण तोटा आणि कमी व्होल्टेज एवढं की ती जाळी नंतर सुधारून घ्यावी लागली आणि त्यातली बरीच कंपनीने ताब्यात घेतली.

दुसरा त्रास मिठाचा. उन्हाळाभर तार पेलणाऱ्या खांबावरच्या पिन इन्सुलेटरवर खारी धूळ साचते. पहिला जोराचा पाऊस ती धुऊन काढतो, पण त्याआधीची भुरभुर ती फक्त ओली करून ठेवते. ओल्या मिठातून वीज खांबाकडे सरपटते आणि फीडर (त्या भागाची मुख्य लाइन) ट्रिप होतो. मे अखेरीस थेंबभर पावसाने लाइट का जाते, याचं मुख्य कारण हे. खाडीलगतच्या वाडीने जास्त लांबीचे पॉलिमर इन्सुलेटर मागावेत. लघुदाबाला उघड्या तारांऐवजी एबी केबल (आवरण असलेल्या तारांची जुडी) मागावी, म्हणजे फांदी टेकली तरी शॉर्ट होत नाही. आमच्या बाजूला लाइट जाण्याच्या निम्म्या तक्रारी आंबा-काजूच्या फांद्यांमुळे असतात, असं मला वाटतं.

तिसरा त्रास मात्र धोक्याचा आहे: न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटणं. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची सर्व्हिस वायर नुसती पिळून जोडली की खाऱ्या हवेत तो जोड दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन जातो. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल सुटला की कमी लोडच्या फेजवरच्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. आपले दिवे अचानक लख्ख आणि शेजारचे मिणमिणते दिसले, तर विचार करत न बसता मेन स्विच पाडा. जोड बायमेटॅलिक लगने क्रिम्प करून घ्या आणि मीटरनंतर २७० व्होल्टला तोडणारं ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. जांभ्यात नुसती सळई ठोकून अर्थिंग मिळत नाही. खड्डा मोठा घेऊन त्यात माती किंवा बेंटोनाइट भरावं लागतं आणि उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. डीपीच्या पेटीत गणपतीच्या लोडने फ्यूज उडत असेल तर जाड तार टाकून वेळ मारून नेऊ नका. त्याने पेटीची केबल पेटते आणि एका फ्यूजचं काम सगळ्या वाडीचा खोळंबा करतं.

एवढं सगळं असूनही लाइनचं पारडं जड का? कारण मीटरपर्यंतची प्रत्येक गोष्ट दुरुस्त करण्याची जबाबदारी कुणाची हे ठरलेलं आहे. डीपी जळली तर ती बदलण्याचा खर्च वाडीवर पडत नाही. १९१२ वर तक्रार नोंदवता येते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ ने मागेल त्याला वीज देणं वितरण कंपनीवर बंधनकारक केलं आहे. लाइन वाढवावी लागणार नसेल तर अर्जापासून महिन्याच्या आत, वाढवावी लागत असेल तर वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत, आणि उशिराबद्दल दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद. घरच्या सोलरला बसवणाऱ्याची गॅरंटी असते, ती संपली की तुम्ही आणि तुमची बॅटरी.

घारापुरी बेटाचं उदाहरण मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. मोरबंदर, राजबंदर, शेतबंदर अशा तीन वस्त्या, संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटर. फेब्रुवारी २०१८ मध्ये महावितरणने समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून तिथे वीज नेली. एवढ्याशा ग्राहकसंख्येसाठी नफ्यावर चालणारी कंपनी हे काम हाती घेईल असं मला वाटत नाही. बांगलादेशात २००३ पासून सरकारी वित्तसंस्थेच्या मदतीने ४० लाखांहून अधिक घरांवर सोलर संच बसले. ते काम मोठंच होतं आणि रॉकेलच्या दिव्यापेक्षा कितीतरी बरं. पण पल्ली विद्युत समित्यांची (तिथल्या ग्रामीण वीज संस्थांची) लाइन दारात आली तशी लोकांनी कनेक्शन घेतली आणि पुष्कळ संच बाजूला पडले. पंखा, फ्रीज, पंप हवा असलेलं घर दिव्यापुरत्या विजेवर थांबत नाही.

वादळाच्या बाबतीत सोलरचं म्हणणं मान्य करायला हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे खांबच्या खांब आडवे झाले आणि काही वाड्यांत लाइट यायला कित्येक आठवडे लागले. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्तेनेही किनारा झोडपला. अशा वेळी ज्याचं पॅनल जागेवर राहिलं त्याच्याकडे लगेच दिवा लागतो. म्हणून लाइन घेतली तरी १०० वॉटचं पॅनल, एक बॅटरी, त्यावर दिवे, मोबाइल आणि एक बीएलडीसी पंखा एवढं जरूर ठेवा. लाइनवरच्या इन्व्हर्टरमुळे ही बॅटरी श्रावणातही पूर्ण भरते आणि वर्षानुवर्षं टिकते.

दोन ठिकाणी मात्र मी सोलरच सांगेन. आंब्याच्या राखणीची खोपी असेल, जिथे फेब्रुवारी ते मे एवढंच राहायचं आहे आणि दोन दिव्यांची गरज आहे, तिथे खांब मागू नका. दुसरं बागेचं पाणी. पाणी उन्हाळ्यातच लागतं, ऊनही तेव्हाच असतं आणि बॅटरी मध्ये येत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्केच रक्कम भरावी लागते.

लाइनचा अर्ज एकट्याने करू नका. वाडीतली जेवढी घरं तयार आहेत तेवढ्यांचे अर्ज एकत्र द्या, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होऊ शकतो, त्यासाठी एस्टिमेट हातात घेऊन पाठपुरावा लागतो. घाई असेल तर परवानाधारक ठेकेदाराकडून स्वखर्चाने काम करून घेता येतं, महावितरणला १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरावं लागतं आणि काम झाल्यावर लाइन त्यांच्या ताब्यात जाते. सव्वा किलोमीटरला ४० मीटरच्या अंतराने तीसेक खांब बसतात. सात-बारावर पंधरा नावं आणि त्यातली दहा मुंबईत, अशा बागेतून सरळ रेघ मारण्यापेक्षा पाखाडीच्या किंवा रस्त्याच्या कडेने दोनशे मीटर जास्तीचे घ्या. संमतीपत्रात अडकलेलं काम वर्ष खातं. वाटेत वनजमीन असेल तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली, ग्रामसभेची शिफारस असल्यास, एक हेक्टरच्या आतली जागा वीजवाहिनीसाठी मिळू शकते.

सर्व्हे दिवाळीच्या आसपास उरकून घ्या. आठ मीटरच्या खांबाला दीड मीटरपर्यंत खड्डा लागतो आणि जांभ्यात तो ब्रेकरशिवाय होत नाही, म्हणून खोदकाम मार्चच्या आत संपायला हवं आणि एप्रिलअखेर तारा. जूनमध्ये खणलेल्या खड्ड्यात पाणी भरतं, काँक्रीट नीट बसत नाही आणि श्रावणापर्यंत खांब झुकतो. वळणावरच्या आणि उतारावरच्या खांबांना ताण (आधाराची तिरपी तार) दिला आहे का, हे ठेकेदार जाण्याआधी स्वतः फिरून बघा.